एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

माणसाला मानवलेले औषध इतर जीवांनाही मानवेल, हा समज घातक आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसांना व गुरांना उपयुक्त ठरले. परंतु ते टोचलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. मुंबईतील डुंगरवाडीवर पारशी अंत्यविधींसाठीही गिधाडे उरली नाहीत. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचे माप ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. औषध ज्या जीवावर तपासले, त्याच्यापुरतेच ते निर्धोक मानावे. माणसांचे औषध स्वतःच्या मनाने गुरांना टोचू नये. त्याची किंमत एखादा तिसराच जीव मोजतो.