कथलाचा वाळा

कूलर हा शब्द उच्चारला की आमच्या अकोल्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते. खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाणी आणि मध्ये घरघरणारा पंखा. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकू लागला म्हणजे या पेटीवाचून इकडे जगणे कठीण. तेव्हा ‘कूलर कोणता घ्यावा?’ असे मला कोणी विचारले, तर मी वाळा, मोटर आणि पत्रा या तीन विषयांवर तासभर बोलू शकतो. एम. ए. ला हा विषय नव्हता. पण चाळीसावर उन्हाळे काढले म्हणजे ही पदवी आपोआप मिळते.

परंतु अलीकडे लोक मला निराळ्याच कूलरविषयी विचारू लागले आहेत. संगणकाच्या पोटात प्रोसेसर नावाची चकती असते, तिच्या डोक्यावर बसणारा हा कूलर. घरचा संगणक मी स्वतः सुटे भाग आणून जोडला, एवढ्या भांडवलावर माझी गावात कीर्ती झाली आहे. शिवाय ज्याच्यापाशी फारसा पैसा नाही, पण ज्याला वाचून पाहण्याची सवय आहे, अशा माणसाचा सल्ला लोक निर्धास्तपणे घेतात. मराठीचा प्राध्यापक या दोन्ही अटी उत्तम रीतीने पुऱ्या करतो.

प्रश्न नेहमी एकच असतो. ‘सर, स्वस्तातला घेऊ की नावाचा घेऊ?’

आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे, असे प्रथम वाटते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! म्हणजे नावावर जाऊ नका. पण म्हणी या वकिलांसारख्या असतात. दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात. स्वस्त पंखा घरघरू लागला की ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही दुसरी म्हण लगेच हजर! तेव्हा म्हणी बाजूला ठेवून आधी वस्तू काय आहे ते पाहू.

प्रोसेसर जितकी वीज खातो, तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. साध्या कामाचा प्रोसेसर 65 वॉटच्या हिशेबाने बनवलेला असतो. इंटेलच्या कोअर आय 9 - 14900 के सारखा धटिंगण जोरात पळू लागला, की 253 वॉटपर्यंत जातो. ही उष्णता नखाएवढ्या जागेत उत्पन्न होते, म्हणून तिला तेथून उचलून मोठ्या जागेत पसरावे लागते. कूलर एवढेच करतो. तळाशी धातूचा ठोकळा, त्यातून वर गेलेल्या तांब्याच्या नळ्या, त्या नळ्यांत ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि बाजूला पंखा. आपल्या आजीने न्हाणीघरातला बंब तांब्याचाच का घेतला होता, हे जिला कळत होते, तिला यातले निम्मे कळलेच असते.

उरलेले निम्मे नळीच्या पोटात आहे. ही नळी भरीव नसते. तिच्यातली हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. खालच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वरच्या टोकाला ती निवते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा खाली झिरपते. भरीव तांब्याहून ही युक्ती कितीतरी पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 साली ती सिद्ध केली. म्हणजे आमच्या वाळ्याच्या ताटीतले पाणी आणि या नळीतले पाणी, दोघांचा धर्म एकच: वाफ होताना उष्णता घेऊन जाणे.

आता एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात धरावी. पंख्याचा कूलर, मग तो कितीही महाग असो, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो खोलीच्या वर किती अंश चढू द्यायचे, एवढेच ठरवतो. समजा, एका कूलरने 45 अंश चढतात आणि दुसऱ्याने 42. युरोपातल्या परीक्षकाच्या 22 अंशांच्या खोलीत हे आकडे 67 आणि 64 होतील. तेच आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी 40 अंशांच्या खोलीत 85 आणि 82 होतात. परदेशातले आकडे वाचून येथे कूलर घेणे म्हणजे पुण्याच्या थंडीचा अंदाज घेऊन अकोल्यात स्वेटर शिवण्यासारखे आहे.

प्रोसेसर तापला म्हणजे लगेच जळतो, अशीही एक भीती आहे. तसे होत नाही. त्याची एक मर्यादा असते. बऱ्याच इंटेलना ती 100 अंशांची, रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांना 95 ची. मर्यादा आली की तो स्वतःच चाल मंद करतो, आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पडतो. दुपारच्या उन्हात बैल सावलीला उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. मालकाचे नांगरणे मात्र अडते.

ते कसे अडते, हे मी आमच्या ओळखीच्या एका अक्षरजुळणीकाराकडे पाहिले. वाचकहो, तुम्ही हाती घेता त्या दिवाळी अंकांची पाने अशाच माणसांच्या टेबलावर जुळतात. श्रावणापासून त्यांना रात्र नाही, दिवस नाही. या गृहस्थांचा संगणक ऐन कामात मंद होई, कधी बंदच पडे. धूळ काढून झाली, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप बदलून झाला; थोडा फरक पडला. पण पेटीबरोबर आलेल्या कूलरचा पंखा पार झिजला होता. नवा घेणे भाग होते. ते माझ्याकडे आले तेव्हा दोन नावे कागदावर लिहूनच आले.

एक थर्मलराइटचा ‘पीअरलेस असॅसिन 120 एसई’. दोन मनोरे, सहा नळ्या, 120 मिलिमीटरचे दोन पंखे. अमेरिकेत साधारण 35 डॉलर. दुसरा ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा ‘एनएच-डी 15 जी 2’. दोन मनोरे, आठ नळ्या, 140 मिलिमीटरचे दोन पंखे. 2024 साली बाजारात आला तेव्हा 150 डॉलर. चौपटीहून अधिक!

“सर, आयुष्यभर स्वस्तच घेतलं,” ते म्हणाले. “एकदा तरी नावाचं घ्यावं म्हणतो. काहून, चुकते काय?”

या प्रश्नात कूलर फार थोडा होता. वीस वर्षे दुसऱ्यांची नावे सुबक टाइपात जुळवणाऱ्या माणसाला आपल्याही घरात एखादी नावाची वस्तू असावी असे वाटले, तर त्याला हसू नये. मीही हसलो नाही. मी त्यांना विचारले, “तुमचा प्रोसेसर किती वॉटचा?” 65 चा. “खोलीत आणखी काय बिघडलं आहे?” यूपीएसची बॅटरी. वीज गेली की संगणक गेला. मागच्या महिन्यात एका अंकाची सोळा पाने पुन्हा जुळवावी लागली होती.

मग हिशेब सरळ होता. थर्मलराइट ही काही कालची कंपनी नव्हे; तैवानमध्ये 2001 पासून ती हेच काम करते. तिचा हा स्वस्त कूलर 2014 साली आलेल्या जुन्या, नामांकित डी 15 शी अनेक स्वतंत्र चाचण्यांत दोन-चार अंशांच्या फरकाने टक्कर देऊन बसला आहे. नवा जी 2 त्याहून सरस आहे यात शंका नाही. पण त्याचे सरसपण 250 वॉटच्या धटिंगणापुढे दिसते. 65 वॉटच्या गरीब गाईला दोन्ही दावणी सारख्याच. मी म्हटले, “अहो, कूलर स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली बॅटरी घ्या. अंकाच्या शेवटच्या पानावर अक्षरजुळणी म्हणून नाव छापलं जातं ते तुमचं. ते वेळेवर छापलं जावं, यासाठी जे लागेल ते घ्या.” ते क्षणभर गप्प राहिले. मग कागदावरचे दुसरे नाव त्यांनी व्यवस्थित, एका रेघेत खोडले.

याच महिन्यात दुसरा प्रश्न आला तो शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा. त्या अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. दिवसा रस्त्याचा गोंगाट, म्हणून रात्री अकरानंतर वाचन. घर दोन खोल्यांचे. माइक आणि संगणक यांत हातभर अंतर. “अहो सर, मी थांबले की तो पंखा बोलतो,” त्या म्हणाल्या. वेग कमी करून पाहिला. घरघर गेली, टकटक राहिली. ऐकणाऱ्या मुलाला डोळ्यांचा आधार नाही. त्याचे सारे लक्ष कानात. तिथे ती टकटक पानापानावर सोबत करणार.

बाईंना मी उलट सल्ला दिला. नावाचा घ्या. कारण नाव जे विकते त्यात तीन वस्तू असतात. पहिली शांतता: नॉक्टुआच्या एका पंख्यात पाते आणि चौकट यांत अवघे अर्धा मिलिमीटर अंतर असते, आणि गरम झाल्यावरही पाते ताणून त्याला घासू नये म्हणून निराळे प्लॅस्टिक वापरलेले असते. अशी कारागिरी फुकट मिळत नाही. दुसरी सारखेपणा: दहा पंखे घेतले तर दहाही सारखे निघतील, हा भरवसा. स्वस्तात नऊ उत्तम निघतात आणि दहावा आपल्या वाट्याला येतो. तिसरी वस्तू म्हणजे शब्द: सहा वर्षांची हमी. बाईंना यातली पहिली वस्तू हवीच होती. उरलेल्या दोन त्यांच्या वयाला सोयीच्या होत्या. “दुकानदाराकडून पक्की पावती तेवढी घ्या,” एवढेच मी जोडले. कारण पावतीवाचून हमी म्हणजे शाईवाचून सही.

दोघांना दोन उत्तरे दिली, म्हणून माझ्या घरातून आक्षेप आला. “तुम्ही एकाला एक सांगता आणि दुसऱ्याला दुसरं!” पण वैद्यानेही सर्वांना एकच काढा दिला, तर आपण त्याला वैद्य म्हणत नाही. सोनुबाईच्या हाती या वेळी खरेच सोने आहे. आपल्या कामाला सोने लागते की कथील चालते, एवढाच प्रश्न आहे. आणि तो दुकानदाराला नव्हे, आपल्या टेबलाला विचारायचा असतो.

दिवाळीच्या खरेदीला निघणाऱ्यांसाठी दोन शब्द आणखी. घेण्यापूर्वी पेटीची आतली रुंदी पट्टीने मोजा. जुना डी 15 सुद्धा 165 मिलिमीटर उंच होता, आणि लहान पेटीचे दार त्याच्यावर लागत नाही. आपला सॉकेट कोणता ते लिहून न्या. आणि त्याही आधी, घरातली जळमटे काढाल तेव्हा संगणक बंद करून, वायर काढून, त्याच्या पोटातलीही धूळ झाडा. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रश वापरा. पुष्कळांना नवा कूलर लागतच नाही, असे त्या दिवशी ध्यानात येते. मग त्या पैशांचे काय करायचे, हे सांगायला मराठीच्या प्राध्यापकाची गरज नाही. निदान एक दिवाळी अंक तरी जास्त घ्या.