गाणं समाजाचं, मग गीतकाराचं नाव कुठं गेलं?



१४ एप्रिल जवळ आला की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरच्या वस्त्यावस्त्यांत भीमगीतं वाजू लागतात. मोबाईलच्या स्टेटसवर तीच गाणी, मिरवणुकीत तीच गाणी. यातलं कोणतंही एक गाणं यूट्यूबवर उघडा आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. अपलोड करणाऱ्याचं नाव असतं, डीजेचं असतं, कधी मंडळाच्या अध्यक्षांचा फोटोही असतो. गाणं लिहिलं कुणी, चाल कुणाची, हार्मोनियम आणि ढोलकीवर कोण होतं, हे बहुतेक वेळा नसतं. फार तर 'पारंपरिक' असा शब्द टाकून लोक मोकळे होतात.

भीमगीत पारंपरिक कसं असेल? बाबासाहेबांच्या चळवळीबरोबर जन्मलेलं हे गाणं आहे. ते लिहिणाऱ्यांची मुलं-नातवंडं आज आपल्यात आहेत. ज्याचा लेखक माहीत आहे किंवा विचारलं तर कळू शकतो, त्याला पारंपरिक म्हणणं म्हणजे त्या माणसाचं नाव पुसणं. आणि हे काम आज कुणी मनुवादी करत नाही. ते आपल्याच मोबाईलवरून होतं आहे.

आपल्याकडे नावं जपण्याचा वारसा नाही असंही नाही. १९३० च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. जिथं सभा पोचत नव्हती, वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, तिथं जलशानं चळवळ पोचवली. पण आज आपण त्या जलशाबद्दल बोलू शकतो ते कशामुळे? भीमरावांनी स्वतः 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून. ते १९७८ साली आलं. त्यांनी ते लिहिलं नसतं तर जलशातली कितीतरी माणसं त्यांच्याबरोबरच विस्मरणात गेली असती.

दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, १५ मे २००४ ला गेले. त्यांची एक पद्धत होती. अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे आपलं नाव गुंफत. संतांनी अभंगात नाममुद्रा ठेवली, तशीच ही. गाणं तोंडोतोंडी कुठंही गेलं तरी लिहिणाऱ्याचं नाव सोबत जात असे. आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये धृपद आणि पहिलं कडवं राहतं, शेवटचं कडवं कापलं जातं. म्हणजे ज्या ओळीत वामनदादांनी आपलं नाव ठेवलं, नेमकी तीच ओळ आपण टाकून देतो.

ही कहाणी आपल्यापुरती नाही. ज्या अमेरिकेत बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या काळ्या लोकांच्या गाण्याचं काय झालं ते पाहा. १९२० साली मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड निघाली आणि धडाक्यात खपली. गीतकार पेरी ब्रॅडफोर्ड, तेही काळे. काळी माणसं रेकॉर्ड विकत घेतात हे कंपन्यांना कळलं, आणि त्यांनी काळ्यांच्या गाण्यांची वेगळी यादी काढली. तिला म्हणत 'रेस रेकॉर्ड्स'. गावाबाहेरचा म्हारवाडा असावा तशी संगीतातली वेगळी वस्ती! पुढं याच गाण्यातून रॉक अँड रोल उभं राहिलं आणि जगभर गोऱ्या गायकांच्या नावानं गाजलं. इलेक्ट्रिक गिटार घेऊन चर्चची गाणी गाणारी सिस्टर रोझेटा थार्प या रॉकच्या आधीची. ती १९७३ ला वारली. रॉक अँड रोलच्या सन्मानदालनात तिला जागा मिळाली २०१८ साली. बेसी स्मिथ तर १९२० च्या दशकातली सगळ्यात गाजलेली ब्लूज गायिका. १९३७ मध्ये अपघातात गेली, आणि तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडलं.

आणखी एक गोष्ट ऐका. मिसिसिपीतल्या अॅव्हलॉन या खेड्यातले जॉन हर्ट हे शेतमजूर. १९२८ मध्ये त्यांनी काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत आणि ते पुन्हा शेतात गेले. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांच्या 'अॅव्हलॉन ब्लूज' या गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत एक चाहता त्यांच्या दारात पोचला. म्हातारपणी का होईना, त्यांना मोठे श्रोते मिळाले. गाण्यात गावाचा पत्ता होता म्हणून माणूस सापडला. वामनदादांच्या नाममुद्रेची किंमत यावरून कळावी.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. जुन्या ब्लूजच्या रेकॉर्ड शोधत फिरणारे बहुतेक संग्राहक गोरे होते. त्यांनी जपलं हे खरं. मात्र कोणाचं गाणं 'अस्सल' हे त्यांनीच ठरवलं. एकटा गिटारवाला पुरुष त्यांना आवडला, तो नायक झाला. ज्या बायकांनी हा बाजार उभा केला त्या मागं पडल्या. आपला इतिहास दुसऱ्यानं गोळा केला की निवडही दुसऱ्याची होते. म्हणून हे काम आपणच करायला हवं.

आपल्याकडे ही निवड कशी चालते? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्रात घराघरांत आहे. आषाढीला त्यांची विठ्ठलाची गाणी सगळीकडे लागतात. त्याच गळ्यातून निघालेली भीमगीतं मात्र 'त्यांच्या समाजाची' ठरतात. निदान प्रल्हाददादांचं नाव तरी राहिलं. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर, राजानंद गडपायले ही नावं आपल्या वीस वर्षांच्या किती पोरांना माहीत आहेत? आणि ज्यांची कधी कॅसेटच निघाली नाही अशा गावोगावच्या गायनपार्ट्यांचं काय?

काही कार्यकर्ते म्हणतील, गाणं चळवळीचं आहे, त्यावर मालकी कशाला? खरं आहे. गाणं कुणीही गावं, वस्तीत गावं, मोर्चात गावं. गाण्यासाठी परवानगी मागायला लावा असं मी म्हणतच नाही. पण नाव सांगायला पैसे पडत नाहीत. ज्या समाजाला हजारो वर्षं नावानिशी जगू दिलं नाही, त्यानं आपल्या कवीला बिननावाचं करावं का?

कायदाही गीतकाराच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीताचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकला तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा अधिकार संपत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. पण हा वाटा मागायचा तर आधी गाणं कुणाचं हे कागदावर हवं. तेच नसेल तर वारसांच्या हाती काय येणार?

म्हणून बुलडाणा जिल्ह्यातल्या तरुणांपुढं एक काम ठेवतो. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात चार-पाच जणांनी एवढंच करावं:

गावातल्या जुन्या गायक-वादकांकडे जा. त्यांच्या गाण्यांच्या वह्यांचे पानन्‌पान फोटो काढा. वही उचलून आणू नका, ती त्यांच्या घरीच राहू द्या. त्यांना विचारून त्यांचं गाणं रेकॉर्ड करा. सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून नाव, गाव, वय, गीतकार, चाल, साथीदार आणि कोरसवाले वदवून घ्या. दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या स्टॉलवरून आणलेल्या जुन्या कॅसेट घरात असतील तर त्यांचं कव्हर फेकू नका, नावं त्यावरच असतात. बुरशी आलेली कॅसेट तशीच टेपमध्ये घालू नका, फीत तुटते. जाणकाराकडून साफ करून घ्या. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणि आयाबायांना विसरू नका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. आपल्या आजीची ओवी त्याच मानानं नोंदली गेली पाहिजे.

येत्या जयंतीला मंडळांनी एक नियम करावा: गाणं लावण्याआधी माईकवर गीतकाराचं आणि गायकाचं नाव. एका गाण्याला दहा सेकंद लागतील. आणि रील बनवणाऱ्यांनो, शेवटचं कडवं कापू नका. तिथं कुणाचं तरी नाव आहे.

जयभीम!