चोपडी कोणाच्या हाती?

शेतकऱ्याची ऐपत आकड्यांत बसवून तिच्यावर निर्णय घेण्याचा प्रयोग इंदापूर तालुक्याला नवा नाही. १८३० मध्ये रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची शेतसाऱ्याची आकारणी येथे लागू झाली. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत प्रमाण मानून प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न व लागवडीचा खर्च यांचे आकडे गोळा करण्यात आले आणि निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के हा सरकारचा वाटा ठरला. हिशेब शास्त्रशुद्ध होता. आकडे मात्र सदोष होते, आणि त्यांवर बेतलेला सारा अवर्षणाच्या त्या मुलखाला पेलणारा नव्हता. शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांना त्याच इंदापुरात पुन्हा मोजणी हाती घ्यावी लागली. प्रिंगल दुष्ट नव्हता. तो माल्थसचा विद्यार्थी होता, आणि कदाचित हीच अडचण होती.

पुढे १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कागदावर होता. कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे कर्जदाराला वाचता येत नव्हते आणि न्यायालय मात्र तोच पुरावा मानत होते.

आज ही वही संगणकात गेली आहे. रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी प्रायोगिक तत्त्वावर सुरू केलेल्या कर्जव्यवस्थेत (तिलाच पुढे ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ हे नाव मिळाले) महाराष्ट्रासह काही राज्यांचे जमिनीचे अभिलेख, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, डेअरीला घातलेल्या दुधाच्या नोंदी असे सारे एकत्र येऊन कर्ज देणाऱ्यापुढे तत्क्षणी उभे राहते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना व वित्तसंस्थांना कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले. यात लाभ नाही असे म्हणणे हा आडमुठेपणा ठरेल. हेलपाटे वाचतात, सोसायटीच्या पुढाऱ्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. ती मर्जी काय चीज असते हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न आहे तो वेगाचा. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले, ऊस पिवळा पडू लागला, की उपग्रह ते धनकोला त्याच आठवड्यात सांगणार. एका बँकेने तेव्हा हात आखडता घेतला तर ते शहाणपण म्हणता येईल. परंतु साऱ्या बँका तेच आकडे पाहून एकाच वेळी हात आखडतील, तर ज्या महिन्यात तालुक्याला पैशाची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच महिन्यात पैसा आटेल. जुना सचिव आळशी होता. त्याच्या आळसातही शेतकऱ्याला एखादा पाऊस वाट पाहण्याची सवड मिळे. कालव्याखालचा बागायतदार यातून निभावेल. सुप्या-मोरगावच्या जिरायती पट्ट्याला मात्र यंत्र कायमचा ‘जोखमीचा’ ठरवील, आणि जोखमीचा म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून विहीर नाही, असे ते चक्र फिरत राहील.

दुसरी गोष्ट, उपग्रहाला शिवार दिसते, कसणारा दिसत नाही. सात-बारावर नाव मालकाचे; बटाईदार, आणि नवऱ्याच्या नावावरील रान राबून पिकवणारी बाई, या नोंदींत सहसा कोठेच नाहीत. आकडे जितके काटेकोर, तितके त्यांचे वगळणे पक्के.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना पीककर्जासाठी ‘सिबिल’ची अट घालू नका असे बजावले. ठीक झाले. पण एक आकडा मागायचा नाही एवढ्याने भागत नाही. त्याच्या जागी दुसरा, अधिक गुप्त आकडा येतो. मागणी हवी ती अशी, की कर्ज नाकारले तर कोणत्या नोंदीमुळे, ते मराठीत लेखी मिळावे. ती नोंद खोडून काढण्याची सोय तालुक्यातच असावी. अवर्षण जाहीर झालेल्या भागात यंत्राच्या इशाऱ्यावरून कर्ज रोखता येऊ नये.

तोवर जे हाती आहे ते वापरावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने कर्जदाराला वर्षातून एकदा त्याचा पूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, आणि चुकीविषयीची तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. खरिपाच्या कर्जवाटपापूर्वी गावोगाव बसून हे अहवाल काढून घेणे आणि ते मोठ्याने वाचून दाखवणे, हे काम शाखांना याच हंगामात करता येईल.