इशाऱ्याची किंमत
दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली नाझ्का भूपट्ट अखंड सरकत असतो. अँडीजमधील भूकंप व ज्वालामुखी हे त्याचेच परिणाम होत. कोलंबियातील नेवाडो देल रुईझचा १३ नोव्हेंबर १९८५ चा उद्रेक तसा मोठा नव्हता. परंतु शिखरावरील बर्फ वितळून उसळलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी त्याच रात्री आर्मेरो शहर गाडले. एकंदर सुमारे २३,००० माणसे दगावली. शास्त्रज्ञांनी आदल्याच महिन्यात धोक्याचा नकाशा तयार केला होता. उणीव ज्ञानाची नव्हती, निर्णयाची होती. लोक हलविले आणि उद्रेक झालाच नाही तर नुकसान कोणी सोसायचे, या विवंचनेत वेळ गेला.

फिलिपीन्समध्ये १९९१ साली पिनातुबो जागा झाला, तेव्हा उपकरणे बसविली गेली, इशारे दिले गेले आणि मुख्य म्हणजे ते पाळले गेले. १५ जूनच्या महास्फोटात जीवितहानी टळली नाही. पण हजारोंचे प्राण वाचले.

वेधशाळेवरील खर्च हा विम्याचा हप्ता होय. संकट आले नाही म्हणून हप्ता वाया गेला, असे कोणी शहाणा गृहस्थ म्हणत नाही. फुकट गेलेल्या इशाऱ्याचा खर्चही शासनाने आधीच आपल्या माथी घेतला पाहिजे. एरवी नकाशे कपाटात राहतील आणि माणसे चिखलात.