इटालियन शिकून काय करणार?

पेरुजाला जायचे ठरले तेव्हा आईपासून चळवळीतल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. इटालियन शिकून काय करणार? कायदा शिक, अर्थशास्त्र शिक, इंग्रजी पक्की कर. वर्षभर नुसती भाषा शिकायला परदेशात जायचे ही चैन आपल्याला परवडते का? वडील एसटीतून निवृत्त झालेले, त्यांच्या फंडातले पैसे मोडून मी गेलो. त्यामुळे प्रश्न रास्त होता. आज त्याचे उत्तर देतो.

आधी एक विचारतो. पुण्या-मुंबईत फ्रेंच-जर्मनच्या वर्गाला जाणाऱ्या प्रस्थापितांच्या मुलांना हा प्रश्न कोण विचारतो? त्यांनी भाषा शिकली की ते संस्कार आणि आपण शिकली की चैन! बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली गेली, फारसी घ्यावी लागली, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण ते नाकारणे तिथेच संपले असे धरून चालतो. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. त्यावर आपण ओरडलो, ओरडायलाच हवे होते. पण नुसती भाषा शिकण्याच्या वर्षाला त्या योजनेत जागा नाही, याबद्दल आपल्यापैकी कोणी साधे निवेदन दिल्याचे मला आठवत नाही. कारण भाषा म्हणजे शिक्षण, हे आपल्यालाही पटलेले नाही.

पेरुजा हे मध्य इटलीतले डोंगरावरचे शहर. परदेशी माणसांना इटालियन शिकवण्याचे काम तिथे १९२१ पासून चालते. मराठी माणसाला ही भाषा तोंडात बसवणे सोपे जाते. इंग्रजीचा 'ट' तिथे नाही, आपला सरळ 'त' आहे. जोर देऊन म्हणायची जोडअक्षरे आपल्याकडे पत्ता, सत्ता, पक्का अशी पोत्याने आहेत. तरी मी पहिल्याच आठवड्यात फजिती करून घेतली. इटालियनमध्ये 'मला इतकी वर्षे आहेत' असे वय सांगतात. वर्ष म्हणजे 'आन्नो'. घाईत मी एकच 'न' म्हटला आणि मला सव्वीस गुदद्वारे असल्याचे भर वर्गात जाहीर केले. सगळे हसले, मीही हसलो.

या हसण्याबद्दल मी नंतर बराच विचार केला. महाविद्यालयात असताना 'पानी' म्हटले म्हणून एका प्राध्यापकाने मला उभे करून तो शब्द तीन वेळा म्हणायला लावला होता. तेव्हाही वर्ग हसला होता. पण त्या हसण्यात माझी वस्ती होती, माझे आडनाव होते. पेरुजात ब्राझीलची मुलगी चुकत होती, चिनी मुलगा चुकत होता आणि मीही चुकत होतो. ती फक्त चूक होती.

जात मात्र सोबत आली होती. पहिले तीन महिने मी भारतीय मुलांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहिलो. दुसऱ्याच आठवड्यात 'पूरा नाम क्या है?' झाले. घरात दिवसभर हिंदी आणि इंग्रजी, त्यामुळे इटालियन वर्गापुरते. तिथून निघालो, एका खानावळीत भांडी घासायचे काम धरले. विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तास काम करता येते. खरी भाषा त्या मोरीपाशी शिकलो.

इटालियनमध्ये आपल्यासारखेच दोन पातळ्यांचे बोलणे आहे. 'तू' म्हणजे तू, आणि 'लेइ' म्हणजे आपले अहो-जाहो. (मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये हे 'लेइ' हद्दपार करून सगळ्यांना 'वोइ' म्हणायला लावायची मोहीम काढली होती. हुकूमशहांना सर्वनामांचेही वावडे असते.) आठव्या महिन्यात एका सरकारी कार्यालयात रांगेत उभा होतो. पुढे माझ्या वडिलांच्या वयाचा एक आफ्रिकन गृहस्थ होता. खिडकीतली बाई त्याच्याशी 'तू' म्हणून बोलली. त्याच्या मागच्या गोऱ्या तरुणाला 'लेइ'. माझा नंबर आला, पुन्हा 'तू'. मी शांतपणे 'लेइ' लावून दोन पूर्ण वाक्यांत काम सांगितले. तिने मान वर करून पाहिले आणि ती 'लेइ'वर आली. बी-२ पातळीचे प्रमाणपत्र मला नंतर मिळाले, पण भाषा आली हे मला त्या खिडकीपाशी कळले. फोनवर आईला सांगितले. गावात पाटलाचे शेंबडे पोर आजोबांना 'अरे' म्हणायचे, हे तिला आठवले. त्यांना उलटून 'अहो'ची मागणी करण्याची सोय नव्हती.

आता पोटापाण्याचे. पंजाबातून गेलेले हजारो लोक, त्यांत रविदासी समाजाचे आपले बांधवही, उत्तर इटलीतल्या गोठ्यांत आणि रोमच्या दक्षिणेकडच्या शेतांत राबतात. जून २०२४ मध्ये लातिना भागात सतनाम सिंग या शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घरासमोर आणून टाकले गेले आणि तो मेला. तिथे मजूर पुरवणाऱ्या दलालाला 'कापोराले' म्हणतात. आपल्या ऊसतोडीवरचा मुकादमच तो. त्याच्याविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, पण तो इटालियनमध्ये आहे, करारही इटालियनमध्ये असतो. मजूर आणि कायदा यांच्यामध्ये जो भाषा जाणतो तो उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तो मुकादम असतो. तिथे आपला माणूस का नसावा?

ग्राम्शीचे नाव आपल्या शिबिरांत घेतले जाते. बाबासाहेब आणि तो एकाच वर्षी, १८९१ मध्ये जन्मले. सार्डिनियासारख्या मागास बेटावरचा हा गरीब मुलगा १९११ मध्ये शिष्यवृत्तीवर तूरिनला गेला आणि तिथे भाषाशास्त्र शिकला. बाबासाहेब १९१३ मध्ये शिष्यवृत्तीवरच न्यूयॉर्कला गेले. ग्राम्शीचा 'सबाल्टर्न' मात्र आपल्याकडे आला तो इंग्रजीतून, इतिहासाच्या मोठ्या प्राध्यापकांच्या हातून. त्यांनी निवडले तेवढेच आपण वाचले.

इटलीच्या राज्यघटनेचे ३४ वे कलम सांगते की गुणी विद्यार्थ्याजवळ पैसा नसला तरी उच्च शिक्षण हा त्याचा हक्क आहे. त्याच आधारावर तिथली प्रादेशिक शिष्यवृत्ती कुटुंबाचे उत्पन्न पाहून दिली जाते, परदेशी विद्यार्थ्यांनाही. आपली मुले तिच्यावर आता जाऊ लागली आहेत. इंग्रजी माध्यमाची पदवी घेतात, देशी फ्लॅटमध्ये राहतात आणि दोन वर्षांनी 'ग्रात्सिए' एवढाच शब्द घेऊन परततात. दोष त्यांचा कमी, आपण त्यांना दुसरे काही सांगितलेच नाही.

म्हणून राज्याच्या समाजकल्याण खात्याकडे मागणी एकच आहे: परदेशी शिष्यवृत्तीला पदवीआधीचे एक भाषावर्ष जोडा, त्याची फी आणि निर्वाहभत्ता द्या. निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. सह्या जमवायला तालुक्या-तालुक्यातून माणसे हवी आहेत.