पेढी त्यांची, पत इतरांची

मे २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून जिम्प हे चित्रसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर विंडोजसाठी डाउनलोड करणाऱ्यांच्या हाती जिम्पचा मूळ इन्स्टॉलर पडत नव्हता. सोर्सफोर्जने त्यावर स्वतःचे वेष्टण चढवले होते आणि त्यातून आधी दुसऱ्याच कंपन्यांची सॉफ्टवेअरे गळ्यात घालण्याचा प्रयत्न होत होता. जिम्प विंडोजवर पोचवणाऱ्या स्वयंसेवकांनी दीड वर्ष आधीच, नोव्हेंबर २०१३ मध्ये, फसव्या जाहिरातींना वैतागून हे संकेतस्थळ सोडले होते. त्यांचे पान मात्र तिथेच राहिले आणि प्रकल्प बेवारस पडला आहे, असे कारण देऊन सोर्सफोर्जने त्याचा ताबा घेतला. तेव्हाची चर्चा फसवणूक आणि नको असलेली सॉफ्टवेअरे यांभोवतीच फिरली. माझ्या मते मूळ प्रश्न मालकीचा आहे. डाउनलोड करणाऱ्याचा विश्वास असतो तो जिम्पवर, आणि जिम्पसारखी हजारो सॉफ्टवेअरे एका जागी सचोटीने मिळतात म्हणून त्या जागेवर. ही पत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तिथे ठेवलेली ठेव असते. पेढीच्या मालकाला ती सांभाळता येते, विकता येत नाही.

ही ठेव जमली कशी, ते पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये व्हीए लिनक्स सिस्टिम्स या कॅलिफोर्नियातील कंपनीने सोर्सफोर्ज सुरू केले. तोवर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सर्व्हर, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था, चुका कळवण्याची सोय, फायली ठेवायला जागा, असे सगळे स्वतः उभारावे लागे, नाहीतर एखाद्या विद्यापीठाच्या मेहरबानीवर अवलंबून राहावे लागे. सोर्सफोर्जने हे सारे एका छताखाली आणि फुकट दिले. कंपनीचे हे श्रेय मोठे आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण त्या छताखाली माल आला तो इतरांचा. फाइलझिला, ऑडॅसिटी, सेव्हन-झिप ही सॉफ्टवेअरे लिहिली त्यांच्या लेखकांनी. फायली जगभर पोचवण्याचा भारही मोठ्या प्रमाणात उचलला तो आयर्लंडच्या हीनेट, स्वित्झर्लंडच्या स्विच आणि ब्रिटनच्या केंट विद्यापीठासारख्या शैक्षणिक संस्थांनी, त्या फायलींच्या प्रती आपापल्या सर्व्हरवर ठेवून. श्रम स्वयंसेवकांचे, वाहतूक बरीचशी सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थांची, आणि नाव तेवढे एका खासगी कंपनीच्या मालकीचे, अशी ही रचना होती. ९ डिसेंबर १९९९ रोजी याच कंपनीचा ३० डॉलरला विकायला काढलेला शेअर पहिल्याच दिवशी २३९ डॉलरवर बंद झाला. त्या तेजीत या रचनेकडे बारकाईने पाहायला फारशी कुणाला सवड नव्हती.

काहींनी मात्र पाहिले. २००१ मध्ये कंपनीने सोर्सफोर्ज ज्या सॉफ्टवेअरवर चालत होते त्याचाच पुढचा कोड बंद केला, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून धोक्याचा इशारा आला आणि ग्नू प्रकल्पाच्या सावानासारखे पर्याय पुढे आले. पुढे कंपनीने नावे बदलली, धंदे बदलले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये सोर्सफोर्ज, स्लॅशडॉट आणि फ्रीकोड ही तिन्ही संकेतस्थळे मिळून २ कोटी डॉलरला डाइस होल्डिंग्ज या नोकरभरतीच्या व्यवसायातील कंपनीकडे गेली. जुलै २०१३ मध्ये ‘डेव्हशेअर’ योजना आली. इन्स्टॉलरसोबत इतरांची सॉफ्टवेअरे द्यायची आणि मिळकतीचा वाटा सॉफ्टवेअरच्या लेखकाला द्यायचा, असा तो व्यवहार होता. दोन वर्षांत तो व्यवहार संमतीची पायरी ओलांडून जिम्पच्या पानापर्यंत पोचला.

सोर्सफोर्जच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिली, सर्व्हर फुकट चालत नाहीत. खरे आहे, आणि जाहिरातींना माझा सरसकट विरोध नाही. पण खऱ्या डाउनलोडच्या बटणाशेजारी तसेच दिसणारे जाहिरातीचे बटण असते तेव्हा कमाई वाचणाऱ्याच्या चुकीतून होत असते. आणि जो घाईत आहे, ज्याला इंग्रजी जेमतेम येते, जो संगणकाला नवखा आहे, तोच ती चूक करतो. इन्स्टॉलरच्या वेष्टणाचा सारा हिशेबही याच माणसावर बेतलेला असतो. दुसरी गोष्ट, डेव्हशेअरमध्ये लेखक स्वेच्छेने येत होते. फाइलझिलासारखे काही आलेही. पण सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला या करारात कुणी विचारले नव्हते आणि त्याच्या संगणकाचे दार उघडून देण्याचा हक्क लेखकालाही नव्हता. तिसरा युक्तिवाद कायद्याचा आणि सर्वांत वजनदार. मुक्त परवान्यानुसार कुणीही सॉफ्टवेअर बदलू शकतो, वाटू शकतो, मग सोर्सफोर्जने वाटले तर बिघडले कुठे? परवाना प्रत वाटू देतो, पण मूळ लेखकाच्या नावावर दुसऱ्याची वस्तू खपवू देत नाही. १९९१ च्या जीपीएल या मुक्त परवान्याच्या प्रस्तावनेतच मूळ लेखकांच्या लौकिकाची काळजी घेतलेली आहे. इतरांनी केलेल्या बदलांचा ठपका मूळ लेखकावर येऊ नये, म्हणून बदललेली प्रत घेणाऱ्याला ती मूळ नाही हे कळले पाहिजे, असे तिथे म्हटले आहे. जिम्पच्या पानावर आलेला माणूस वेष्टण पाहून जिम्पच्याच लोकांना दोष देणार, हे उघड होते. शिवाय एखाद्याने घर सोडले म्हणजे त्याच्या नावाची पाटी तशीच ठेवून तिथे दुकान थाटायचा परवाना मिळत नाही.

आरडाओरड झाल्यावर जूनच्या आरंभी सोर्सफोर्जने माघार घेतली. संमतीशिवाय कुणाच्याही प्रकल्पाला असे वेष्टण लावणार नाही, असे जाहीर केले. नेटवर्क तपासणीच्या एनमॅप या साधनाचे निर्माते गॉर्डन लायन यांनी मात्र त्याच सुमारास आपले पानही ताब्यात घेतले गेल्याची तक्रार मांडली. तिथल्या फायली मूळच्याच असल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, पण पान आता त्यांचे राहिले नव्हते. जानेवारी २०१६ मध्ये सोर्सफोर्ज पुन्हा विकले गेले आणि नव्या मालकांनी महिनाभरात डेव्हशेअर बंद केले, पुढे सर्व प्रकल्पांची मालवेअरसाठी तपासणी सुरू केली. हे काम चांगले झाले आणि आजच्या सोर्सफोर्जवर २०१५ चे पाप लादणे अन्यायाचे आहे. तरीही यातून माझा मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो. २०१३ मध्ये मालकाच्या मर्जीने बिघडले आणि २०१६ मध्ये दुसऱ्या मालकाच्या मर्जीने सुधारले. ज्यांची ठेव होती त्यांना दोन्ही वेळा विचारणा नव्हती. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबकडे तोवर बहुतेक नवे प्रकल्प वळले होते, आणि गिटहबही २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतले. मायक्रोसॉफ्ट वाईट वागेल असे मी म्हणत नाही. ती वाईट वागली तर लेखकांच्या हाती निघून जाण्यापलीकडे काय आहे, एवढेच विचारतो. आणि निघून जाणेही पुरेसे ठरत नाही, हे जिम्पच्या रिकाम्या पानाने दाखवले.

वेगळी रचना अशक्य नाही. डेबियनचे स्वयंसेवक १९९३ पासून सॉफ्टवेअरचे प्रचंड भांडार सांभाळत आहेत. तिथले नियम मतदानाने ठरतात आणि प्रत्येक पॅकेजची डिजिटल सहीच्या आधारे शहानिशा होते, त्यामुळे वाटेत कुणी वेष्टण चढवले तर संगणक ते पकडतो. बर्लिनची कोडबर्ग ही नोंदणीकृत संस्था २०१९ पासून गिटहबसारखीच सेवा देते. तिचा खर्च वर्गणी आणि देणग्यांतून भागतो, आणि कारभार कुणाच्या हाती द्यायचा हे तिचे सभासद ठरवतात.