चर्चेला बंदूकवाले, दाराबाहेर सुदानी जनता

अभ्यासवर्गात सुदानचा विषय काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळ विचारले, "ताई, इथले अत्याचार कमी आहेत का, की आता आफ्रिकेचेही ओझे घ्यायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरही प्रामाणिकच द्यायला हवे.

१५ एप्रिल २०२३ रोजी जनरल बुऱ्हाण यांचे लष्कर आणि हेमेती यांचे 'आरएसएफ' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. २०२१ मध्ये याच दोघांनी मिळून नागरी राजवट उलथवली होती. वाटा कुणाचा किती, यावर पुढे बिनसले. १ कोटीहून अधिक माणसे बेघर झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. हा दुष्काळ आभाळाने आणलेला नाही. वेढा घालून, धान्याचे ट्रक अडवून तो आणला गेला.

मरणारे कोण आहेत, तेही पाहा. आरएसएफची मुळे जंजावीद टोळ्यांत आहेत. २०२३ मध्ये अल-जिनेना शहरात मसालित या बिगर-अरब समाजाची वेचून कत्तल झाली. काळ्या सुदानी माणसाला हिणवायला तिथे 'अबीद' म्हणतात, म्हणजे गुलाम. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी भाषा आपल्याला शिकवावी लागत नाही.

मग जगाने काय केले? मे २०२३ मध्ये जेद्दाला दोन्ही पक्षांनी नागरिकांच्या रक्षणाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पण तो मोडणाऱ्याला शिक्षा काहीच नव्हती. जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने अल-फाशरचा वेढा उठवा असा ठराव केला. वेढा उठला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर आरएसएफच्या हाती पडले आणि पुन्हा कत्तल झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये नागरिकांच्या संरक्षणाचा मसुदा १४ देशांनी उचलून धरला, तो एकट्या रशियाच्या नकाराधिकाराने पडला. आरएसएफला शस्त्रे पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे. अमिराती तो नाकारते. इजिप्तचा कल लष्कराकडे आहे. आणि अमेरिका, सौदी अरेबियासोबत शांतता घडवायला बसलेले देशही हेच! ज्यांचे हितसंबंध युद्धात गुंतले आहेत, तेच पंच.

इथे बाबासाहेब आठवतात. गोलमेज परिषदेत त्यांचा आग्रह हाच होता की अस्पृश्यांच्या वतीने दुसरा कुणी बोलणार नाही, अस्पृश्यच बोलतील. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दूरच्या शोषिताचा लढा त्यांना परका वाटला नव्हता.

सुदानच्या चर्चेत ही जागा कुणाची? वस्त्यावस्त्यांत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणाऱ्या 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स'च्या तरुण स्वयंसेवकांची, स्त्रियांच्या संघटनांची, मसालित आणि झघावा समाजांची. त्यांना मदतीच्या यादीत जागा मिळते, पण देशाचे भवितव्य ठरते तिथे क्वचितच.

भारताने 'ऑपरेशन कावेरी'तून आपली ३,८०० हून अधिक माणसे सुखरूप आणली, हे चांगलेच झाले. पण आपली माणसे परतली की कर्तव्य संपते का? संविधानाचे कलम ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगते. अमिराती भारताचा मित्र आहे, तर मित्राला जाब विचारण्याची हिंमत कधी दाखवणार? हा प्रश्न आपण आपल्या खासदाराला विचारू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत, पासपोर्टही लागत नाही.

त्या तरुण मित्राला माझे उत्तर एवढेच: खैरलांजीबद्दल जगाने बोलावे असे आपल्याला वाटते ना? मग अल-फाशरबद्दल आपण गप्प राहू शकत नाही. बंधुता सीमेवर थांबली, तर ती फक्त आपल्यापुरती सोय उरते.

जय भीम!